फडकं लाल निघालं

गुरुवार, ५ फेब्रुवारी, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चतुराबाई खारतोडे, वय चौपन्न, यांच्या तांब्यातल्या पाण्यात चार बोटं रुंद, वीतभर लांब असं एक लाल फडकं बुडवण्यात आलं. बाहेर काढलं तेव्हाही ते लालच होतं.

शेडमध्ये दोन-अडीचशे माणसं होती. टाळ्यांनी पत्रा वाजायला लागला. सावळाराम महाराजांनी फडकं दोन्ही हातांनी उंच धरलं.

"पाच गुरुवारांमागं ह्याच माउलीच्या घरचं पाणी होतं. फडकं कसं झालतं?"

"निळं!" शेड ओरडली.

"कसं निळं?"

"शाईवानी!"

"आन आज?"

"लाल!"

"मग दुखणं गेलं कुठं?"

याचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते महाराजांनीच दिलं. "आलं तितं गेलं!"

ज्ञानू नावाचा महाराजांचा माणूस पुढं आला आणि त्यानं ते ओलं फडकं चतुराबाईंच्या मनगटाला बांधलं. शेजारी बसलेल्या बनाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आणखी चार बायकांनी फिरवला. चतुराबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. त्यांच्या डाव्या छातीत लिंबाएवढी गाठ होती. ती त्या सकाळीही तिथंच होती, पण ती बघायला कुणी सांगितलं नव्हतं.

या भागात याला आता 'पाणी दाखवणं' म्हणतात. पहिल्या गुरुवारी आजारी माणसानं घरचं, रोजच्या वापरातलं पाणी तांब्यात भरून आणायचं. महाराज त्यात फडकं बुडवतात. निळं झालं तर बाधा. मग पाच गुरुवार पथ्य: घरचं पाणी तोंडात घ्यायचं नाही, कारण बाधा पाण्यात उतरलेली असते. प्यायचं ते फक्त गावातल्या फिल्टर मशीनचं. शेवटच्या गुरुवारी तेच मशीनचं पाणी घेऊन यायचं. फडकं लाल राहिलं की माणूस बरा.

"डॉक्टर तुमचं रक्त काढतो, आपण कुणाचं रक्त काढत न्हाय," असं महाराज दर गुरुवारी सांगतात. "घराचं पाणी घराचं दुखणं बोलतं. हे फडकं गुहेत बारा वर्षं तपात होतं. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी तीनदा मागितलं. आपण तीनदा न्हाय म्हटलं." शास्त्रज्ञांनी पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवलं हे त्यांनी सांगितलेलं नाही. बारा वर्षं तपात असलेलं फडकं दर गुरुवारी साठ-सत्तर जणांना कसं पुरतं, हेही कुणी विचारलेलं नाही.

विशेष म्हणजे ज्यांच्या घरी स्वतःचं फिल्टर मशीन आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं फडकं पहिल्याच गुरुवारी लाल निघालं. त्यांच्या घरावर देवाची कृपा आहे, असा गावानं अर्थ लावला.

---

कळसपासून पाऊण तासावर, बारामतीतल्या एका खाजगी लॅबच्या मागच्या खोलीत तेजश्री लोंढे काम करते. वय सदतीस, राहणार कन्हेरी. तिच्याकडे माणसं येत नाहीत, माणसांचे तुकडे येतात. गाठीचा, गर्भाशयाचा, आतड्याचा, कधी नुसता सुईत मावेल एवढा. ती ते मेणात बसवते, केसापेक्षा पातळ काप काढते आणि काचेवर घेते. तसाच काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जवळपास काही दिसत नाही, कारण इतक्या पातळ मांसाला स्वतःचा रंग फार थोडा असतो. म्हणून तो रंगवावा लागतो. पेशीच्या मधल्या ठिपक्याला निळा आणि भोवतीच्या भागाला गुलाबी. मग डॉक्टरांना सगळं वाचता येतं.

पंधरा वर्षांत तिनं बारामती आणि इंदापूरच्या हजारो माणसांना आतून पाहिलं आहे. त्यातल्या एकालाही ती बाजारात ओळखणार नाही.

पुढच्या खोलीतली मंडळी दुपारी डबा खातात तेव्हा तिला हाक मारत नाहीत. त्यात राग नाही. तिच्या कपड्यांना येणारा औषधांचा वास जेवताना कुणाला नको असतो, आणि ते तिलाही कळतं. आई जाऊन तीन वर्षं झाली. भाऊ पिंपरीला असतो, रविवारी फोन करतो. त्यानं रविवार चुकवला तर शनिवारी संध्याकाळी तिनं लॅबमध्ये म्हटलेलं "येते मी" हेच सोमवारपर्यंतचं तिचं शेवटचं वाक्य असतं.

चतुराबाईंच्या गाठीचा तुकडा तिच्याकडे ३० डिसेंबरला आला. २ जानेवारीला तिनं काच रंगवली आणि रंग बरोबर चढलाय का हे बघायला डोळा लावला. ठिपके मोठे होते, गडद होते, एकमेकांवर चढलेले होते, आणि एकाचा आकार दुसऱ्यासारखा नव्हता. निदान करणं तिचं काम नाही. पण पंधरा वर्षांत नजर तयार होते. डॉ. विजयसिंह रणवरे यांनी त्याच दिवशी रिपोर्ट लिहिला.

तो रिपोर्ट न्यायला कुणी आलं नाही. पुढच्या खोलीतून दोनदा फोन गेला. "ऊस चालू हाय, येतो," असं उत्तर आलं. ६ फेब्रुवारीला तेजश्री डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, कळसच्या बाईंना मी फोन करू?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. तिनं असं कधी विचारलं नव्हतं.

"करा. पण रिपोर्टात काय आहे ते फोनवर बोलायचं नाही. तयार आहे, लवकर या, एवढंच."

फोन चतुराबाईंच्या मुलानं, रविंद्रनं उचलला. तो कारखान्याच्या रांगेत उसाच्या ट्रॅक्टरवर बसला होता.

"लॅबमधून बोलतेय. तुमच्या आईचा रिपोर्ट महिनाभर पडून आहे."

"आता नको, मॅडम. आई बरी झाली."

"कुणी सांगितलं?"

"फडकं लाल निघालं की काल!" आणि त्यानं आनंदानं सगळं सांगितलं.

"आधी निळं झालं तेव्हा पाणी कुठलं होतं?"

"आमच्या बोरचं. का वो?"

"आणि काल?"

"काल मशीनचं. महाराजांनी तसंच सांगितलेलं."

तेजश्री खुर्चीत मागं वळली. तिचं लक्ष टेबलाखालच्या पाण्याच्या कॅनकडे गेलं होतं.

"मॅडम? हायसा का लाइनीवर?"

त्या कॅनची हकिगत साधी आहे. पेशीच्या ठिपक्याला निळा करणारा रंग एका झाडाच्या गाभ्यातून निघतो. त्याचं नाव हिमॅटॉक्सिलिन. लॅबमध्ये तो तुरटी आणि थोडं आंबट घालून तयार करतात आणि तो दिसतो लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखा. काच त्यात बुडवून काढली की तीही लालसरच निघते. मग ती क्षारांच्या पाण्यात धरायची, की काही मिनिटांत निळी होते. बारामती-इंदापूरच्या बोरचं पाणी या कामाला फार चांगलं. भांड्यावर पांढरे डाग पाडणारं तेच पाणी.

दोन वर्षांपूर्वी लॅबनं फिल्टर मशीन बसवलं आणि तेजश्रीच्या काचा निळ्या व्हायच्या बंद झाल्या. चार दिवस डॉक्टर तिला बोलले. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं: मशीन पाण्यातले क्षार काढून टाकतं, आणि क्षार नसले की रंग लाल तो लालच राहतो. तेव्हापासून ती दर सोमवारी कन्हेरीच्या आपल्या बोरचं पाणी कॅनमधून आणते.

महाराजांचं फडकं म्हणजे काय, हे फोन ठेवण्याआधीच तिला कळलं होतं.

"तुम्ही एकट्या जाणार?" अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"कुणाला नेऊ, सर?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "फडक्याबद्दल काय बोलायचं ते बोला. पण त्या बाईंना गाठ आहे, त्यांचा तुकडा आपल्याकडे आला होता, यातला एक शब्दही चारचौघांत निघता कामा नये."

"नाही निघणार."

म्हणजे ज्या कारणासाठी ती चालली होती, ते सोडून बाकी सगळं तिला बोलता येणार होतं.

---

१२ फेब्रुवारीला ती तांब्यात कन्हेरीचं पाणी घेऊन महाराजांच्या शेडमध्ये रांगेत उभी राहिली. चतुराबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या. बऱ्या झालेल्यांना तिथं बसवायची पद्धत होती. चतुराबाई कोण हे तेजश्रीला ज्ञानूच्या पुकाऱ्यावरून कळलं. "ह्या चतुराबाई! डॉक्टरांनी घाबरं केलेली बाई! बघून घ्या!" तेजश्रीनं बघून घेतलं. ठेंगणी, उन्हानं रापलेली, कपाळावर मोठं कुंकू. सहा आठवडे ती या बाईला ओळखत होती आणि चेहरा आज पहिल्यांदा पाहत होती.

तिची पाळी आली. महाराजांनी फडकं बुडवलं. काठापासून मध्यापर्यंत निळा रंग पसरत गेला. शेड हळहळली.

"पोरी, घरात कोण कोण हाय?"

"मी."

"आन?"

"मीच."

"बघा!" महाराज गर्दीकडं वळले. "मोठं घर, एकटा जीव. मी काय बोलायच्या आधी पाण्यानं सांगितलं!"

विचारलं महाराजांनी, सांगितलं तेजश्रीनं आणि श्रेय गेलं पाण्याला. पण अडीचशे माणसांनी तिच्याकडं कळवळून पाहिलं. मागून एका म्हातारीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि "व्हईल गं बाय समदं ठीक," म्हणाली. तिच्या खांद्यावर कुणी हात ठेवल्याला फार दिवस झाले होते. ही माणसं दर गुरुवारी इथं का येतात, हे त्या क्षणी तिला नीट कळलं. 

मग तिची नजर महाराजांच्या अंगठ्यावर गेली. नखाच्या मुळाशी जांभळट चंद्रकोर होती. तशीच तिच्याही अंगठ्याला होती, पंधरा वर्षं.

"महाराज, ताटातलं एक लिंबू घेऊ?"

"घे. प्रसाद हाय."

तिनं लिंबू नखानं चिरलं आणि निळ्या फडक्यावर पिळलं. थेंब पडला तिथं लाल ठिपका उमटला. ठिपके वाढत गेले. अर्ध्या मिनिटात फडकं डाळिंबासारखं लाल झालं. तिनं ते उंच धरलं, महाराज धरतात तसं.

"मला पाच गुरुवार न्हाय लागले."

कुजबुज झाली. बनाबाई पहिल्या ओळीतून अर्ध्या उठल्या. "आगं बया! लिंबानं बाधा गेली?"

महाराज या धंद्यात नवखे नव्हते. "लिंबू कुणाचं? देवाचं! देवाच्या लिंबानं गेली! वाजवा टाळ्या!" आणि टाळ्या वाजल्या.

तेजश्री टाळ्या थांबेपर्यंत थांबली. "बरं. मग अजून एक बघू. कुणाचं लाल निघालेलं फडकं हाय का?"

चतुराबाईंनी आपलं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. बनाबाईंनी मात्र आपलं फडकं मनगटावरून सोडून दिलं. त्यांचे गुडघे बरे झाले होते. "घे माझं. पण परत दे, सुनेला दाखवायचंय."

"हा बाहेरचा हापसा कुणाचा, महाराज?"

"मठाचा."

"त्याचं पाणी बाधलेलं असंल?"

"खुळी का काय तू? मठाचं पाणी तीर्थ हाय!" हे बोलून झाल्यावर महाराजांच्या लक्षात आलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "पण आज देवाला विश्रांती..."

तोवर बनाबाई हापशावर पोचल्या होत्या. गुडघे खरंच बरे दिसत होते. भरलेला तांब्या त्यांनी सगळ्यांच्या मधोमध ठेवला. तेजश्रीनं फडकं बुडवलं आणि बोटं काढून घेतली, म्हणजे हात लावला असं कुणी म्हणायला नको. सगळे वाकून बघत होते. फडकं निळं झालं.

बनाबाईंनी ते बाहेर काढून महाराजांपुढं धरलं.

"महाराज," बनाबाई म्हणाल्या, "तुमच्याच पाण्याला बाधा हाय की वो!"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग हसणाऱ्यांना आवरणं कठीण झालं. "महाराजांना बसवा पाच गुरुवार!" "ज्ञानू, लाव नंबर!"

"हसा! हसा!" महाराजांचा आवाज चढला. "जितं तुमचं विज्ञान संपतं ना, तितं आमचं सुरू व्हतं!"

"आमचं अजून हापशावरच चालू हाय, महाराज," तेजश्री म्हणाली.

मग तिनं सांगितलं, जसं लॅबमध्ये नव्या मुलींना सांगते तसं, आवाज न चढवता. हा रंग झाडाच्या गाभ्याचा. आंबट लागलं की लाल, क्षार लागले की निळा. फडकं आधीच रंगात बुडवून वाळवलेलं असतं. आपल्या बोरच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून इथल्या कुठल्याही घरचं पाणी आणा, निळंच होणार. मशीन क्षार काढतं, म्हणून त्या पाण्यात लाल राहतं. "हे पाणी ओळखतं. माणूस ओळखत न्हाय. धडधाकट माणसानं बोरचं पाणी आणलं तरी निळं, आन मरायला टेकलेल्यानं मशीनचं आणलं तरी लालच. हे माझं नख बघा. मी रोज हा रंग वापरते. आता महाराजांचं बघा."

महाराजांचा हात शालीत गेला होता.

"पण माझं गुडघं उतरलं त्याचं काय?" बनाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ऊसतोड संपली का तुमची?"

"व्हय, झाले पंधरा दिवस."

"मग बसून हायसा म्हणून उतरलं असंल. गुडघं असं चढतं-उतरतं. सगळी दुखणी तशी नसतात. काही नुसती गप बसल्यासारखी वाटतात, आन आतून वाढतात." हे बोलताना तिनं पहिल्या ओळीकडं पाहिलं नाही. पाहायचं नाही, असं तिनं आधीच ठरवलं होतं.

शेडमधली तिसरा हिस्सा माणसं उठली. काही जण तिच्याभोवती जमले, एकानं मोबाइलवर तिचा फोटो काढला. बाकीचे बसून राहिले. थोड्या वेळानं ज्ञानूनं घसा साफ करून हाक दिली, "पुढचा तांब्या!" आणि एक बाई पुढं झाली. ती लांबून आली होती.

---

चतुराबाई सगळ्यांच्या आधी बाहेर पडल्या होत्या. तेजश्रीला त्या गावातल्या फिल्टर मशीनजवळच्या कट्ट्यावर सापडल्या. मनगटावरचं फडकं वाळून गेलं होतं.

"माझं बुडवायला आलीस?"

"न्हाय, मावशी."

"मग कशाला आलीस?"

"लॅबमधनं आलेय. तुमचा रिपोर्ट तयार हाय. डॉक्टर वाट बघतायत."

चतुराबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू बघितलीस माझी गाठ?"

"तुकडा रंगवला मी."

"मी सवता कधी नीट बघितली न्हाय. तू परकी बाई, आन तू बघितलीस." त्या थांबल्या. "काय हाय त्यात?"

"ते डॉक्टर सांगतील."

"तुला ठावं हाय. सांग की."

तेजश्री कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसली. 

"नको सांगू," चतुराबाई म्हणाल्या. "स्कुटीवर येवढ्या लांब आलीस, त्यातच आलं." मग त्यांनी फडक्याची गाठ चाचपली. "तुला एक सांगू? मला बी वाटलंच नव्हतं हे खरं असंल म्हणून. रोज आंघोळीला हात लागतोय की गाठीला. पण तुकडा काढल्यापास्नं सुनेनं, सोनलनं, माझा कप वेगळा ठेवला व्हता. मोरीच्या खिडकीत. टॉवेल वेगळा. नातीला मांडीवर देईना. लागंल म्हणून. महिनाभर माझ्याशी कुणी धड बोललं न्हाय घरात. गुरुवारी फडकं लाल निघालं, आन शुक्रवारी सोनलनं माझा कप परत रॅकात ठेवला. त्यो कप बघून मी रडले. आता तू आलीस. आता परत खिडकीत."

वेगळा कप म्हणजे काय, हे तेजश्रीला तिच्या आजीनं सांगितलेलं होतं. तो हॉटेलाबाहेरच्या खांबाला टांगलेला असायचा आणि ज्याचा त्यानं विसळून परत टांगायचा. तो आजाराचा नव्हता, जातीचा होता. पण बाजूला काढलेलं माणूस कसं दिसतं, ते त्या कट्ट्यावर तिला ओळखू आलं.

"चला," ती म्हणाली. "च्या पाजा."

खारतोडेंच्या घरी सोनलनं पाहुणीसाठी बशीसकट नवा कप काढला. तेजश्रीनं तो बाजूला सरकवला. चतुराबाईंनी अर्धा पिऊन ठेवलेला कप तिनं उचलला आणि उरलेला चहा सोनलच्या देखत पिऊन टाकला. सोनलच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"पंधरा वर्षं असले तुकडे हातानं धरतेय," तेजश्री तिला म्हणाली. "लागत असतं तर मी कधीच गेले असते. हा आजार कपातनं जात न्हाय. टॉवेलातनं न्हाय, मांडीवर बसल्यानं न्हाय. फडक्यावर इश्वास ठेवलात, ह्यावर ठेवायला काय जातंय?"

सोनलनं गाळणी खाली ठेवली. रविंद्र कारखान्यावर होता. चतुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि स्कुटी वळेपर्यंत तिथंच होत्या.

---

ज्या परीक्षेत क्षारांच्या पाण्याचा प्रत्येक तांब्या नापास होतो आणि मशीनचा प्रत्येक तांब्या पास होतो, ती परीक्षा माणसाची नसते. हे तपासायला लॅब लागत नाही. एकाच माणसाच्या हातून दोन तांबे पाठवा, एक बोरचा आणि एक मशीनचा, आणि कुठला कुठला ते महाराजांना सांगू नका. चमत्कार खरा असेल तर त्याला दोन तांब्यांचं ओझं होणार नाही. आणि तपासू द्यायला कुणी नकार दिला, तर तो नकार हेच उत्तर समजा. शरीरात गाठ लागली तर डॉक्टरांकडे जा. ती दुखत नसली तरी जा. आणि घरातलं माणूस आजारी पडलं तर त्याला बाजूला काढू नका. खारतोडेंच्या घरात चतुराबाईंचा कप रॅकातच राहिला असता, तर पत्र्याच्या शेडमध्ये एक तांब्या कमी आला असता.

सावळाराम महाराजांविरुद्ध तेजश्री लोंढे यांनी १३ फेब्रुवारीला पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं हा राज्यात गुन्हा आहे. चौकशी सुरू आहे. महाराज पूर्वी कुठं आणि कसलं काम करत होते, हे अजून पुढं आलेलं नाही.

सोमवारी, १६ फेब्रुवारीला दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सोनल खारतोडे एकट्या लॅबमध्ये आल्या. डॉक्टर त्यांच्याशी अर्धा तास बोलले. नंतर रिपोर्ट, दोन काचा आणि मेणात बसवलेला तुकडा घ्यायला त्या मागच्या खोलीत आल्या. पुण्याच्या रुग्णालयात तो दाखवावा लागतो.

"ताई, ह्याला हात लावला तर चालंल?" त्यांनी विचारलं.

तेजश्रीनं मेणाचा चौकोन त्यांच्या तळहातावर ठेवला. तो खडूच्या तुकड्यासारखा हलका असतो. सोनल बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तो पाकिटात न टाकता पदराच्या टोकात बांधला आणि सही करून निघून गेल्या. 

पुण्यातली वेळ शुक्रवारी, २० फेब्रुवारीला सकाळी नऊची आहे. कळसहून त्या वेळेत पोचायचं तर सकाळची पहिली गाडी धरावी लागते. मंगळवारी संध्याकाळी तेजश्रीनं फोन केला तेव्हा चतुराबाईंनी स्वतः उचलला. जायचं ठरलं आहे, असं त्या म्हणाल्या. रविंद्रचा ट्रॅक्टर अजून कारखान्याच्या रांगेत आहे आणि नात लहान आहे. सोबत कोण जाणार, हे अजून ठरलेलं नाही.